मुरलेली की शिळी?

मध्यमवर्गीय घरातल्या शोकेसचं एक शास्त्र असतं. खालच्या कप्प्यात लग्नात आलेला आणि एकदाही न वापरलेला टी-सेट, मधल्या कप्प्यात मुलांची बक्षिसं, आणि सगळ्यात वर, पाहुण्यांची नजर आधी जावी पण पोराबाळांचा हात पोचू नये अशा जागी, परदेशातून आलेली एखादी बाटली. ती कधी अत्तराची असते, कधी मधाची, आणि कधी, जरा हळू आवाजात सांगायचं तर, 'तसली' असते. बंगळूरला मल्लेश्वरममध्ये राहणाऱ्या माझ्या मावशीच्या शोकेसमध्ये जवळजवळ तेरा वर्षं जी बाटली उभी होती, ती तसलीच होती.

ज्यांच्या घरात हा विषय वर्ज्य आहे, त्यांनी खुशाल पान उलटावं, मी रागावणार नाही. पण ज्यांच्या शोकेसमध्ये अशी एखादी बाटली 'चांगल्या दिवसासाठी' उभी आहे, त्यांनी मात्र थोडं थांबावं.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. २०१२ साली ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम केलेल्या एका फ्रेंच अभियंत्यानं दोन सारख्या बाटल्या आणल्या. एक काकांना दिली आणि दुसरी काकांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला. या सहकाऱ्यांना आमच्या घरात सगळेच अण्णा म्हणतात, म्हणून इथंही अण्णाच. काकांनी त्याच रात्री जाहीर केलं, की बाटली पोरीच्या लग्नात उघडायची. पोरीचं लग्न झालं, पण लग्नघरात सोवळं-ओवळं, सासरची वडीलधारी मंडळी. बाटली काही बाहेर आली नाही. मग नातू झाल्यावर उघडू, असं ठरलं. नातू झाला तो जर्मनीत. मग लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला. तो वाढदिवस यायच्या आत, २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत काका गेले.

गेल्या हिवाळ्यात मावशीचा फोन आला. "अगं, ती ह्यांची बाटली. आता ती कुणासाठी ठेवू? तू लिहितेस ना सगळ्यातलं, ये आणि उघड. जुनी आहे म्हणजे चांगलीच मुरली असेल."

२०२५ च्या जानेवारीत मी बंगळूरला पोचले, ती या 'मुरली असेल'चा विचार करतच. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, जुना तांदूळ मोकळा शिजतो, जुनं तूप औषधी मानतात. तेव्हा बाटलीतलं पेयही जितकं जुनं तितकं चांगलं, हा आपला सरळ हिशेब. पण लोणचं मुरण्यासाठी आजी काय काय करायची ते आठवा. बरणी उन्हात वाळवलेली, फोडी तेलात बुडालेल्या, तोंडाला दादरा, आणि बरणी ठेवलेली कुठं, तर माजघरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात. तीच बरणी गॅसच्या शेजारी खिडकीत ठेवली तर? तेव्हाही दिवस तेवढेच जातात, पण लोणचं मुरत नाही.

मावशीची शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. काचेची दारं, वर ट्यूबलाइट. बंगळूरची हवा थंड म्हणून आपण कौतुक करतो, पण २४ एप्रिल २०१६ ला याच शहरात पारा ३९.२ अंशांवर गेला होता. त्या दिवशी बाटली शोकेसमध्येच होती. मी बाटली हातात घेतली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

लेबल मात्र वाचण्यासारखं होतं. कंपनीचं नाव इथं देत नाही, कारण पुढं जे झालं त्यात तिचा काही दोष नाही. बाटली फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातली. साल २००२, जे तिथं फार चांगलं मानतात. द्राक्ष एकच, पांढरं शार्डोने. आणि गावाच्या नावाखाली एका मळ्याचं नाव. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: गाळ काढला, २०११. या चार गोष्टींत या बाटलीची सगळी कुंडली होती.

शॅम्पेन प्रांतातली बहुतेक बाटली ही मिसळ असते. वेगवेगळ्या गावांची, दोन-तीन जातींची, आणि वेगवेगळ्या वर्षांची वाइन एकत्र करून घराण्याची ठरलेली चव दरवर्षी तशीच राखायची, हे तिथल्या कारागिरांचं खरं कसब. आपल्याकडे गोडा मसाला दरवर्षी तसाच लागावा म्हणून आई धन्याचा अंदाज बदलते, तसंच. त्या प्रांतात थंडी, धुकं, अवकाळी पाऊस, गारपीट, सगळंच. एखाद्या वर्षाच्या भरवशावर राहणं परवडत नाही. म्हणूनच बाटलीवर एकाच वर्षाचा आकडा छापायचा, तर ते वर्ष तसंच भारी असावं लागतं. आणि एकाच मळ्याचं नाव छापणं म्हणजे तर दोरावरची कसरत. तिथं चूक झाकायला दुसऱ्या गावची वाइन नाही.

असे मळे मोजके. मारई गावाच्या वर नदीकडं तोंड करून उतरणारा क्लो दे ग्वास हा साडेपाच हेक्टरचा चढ फिलिपोना घराण्यानं १९३५ साली घेतला आणि त्याची वाइन वेगळी भरायला सुरुवात केली. ल मेनिल गावात चारी बाजूंनी भिंत असलेला क्लो द्यु मेनिल हा मळा जेमतेम १.८४ हेक्टरचा, म्हणजे साडेचार एकर. ती भिंत १६९८ सालची. क्रुग घराण्यानं तो १९७१ मध्ये घेतला, पहिलं पीक वेगळं भरलं ते १९७९ चं, आणि ते बाजारात आणलं १९८६ मध्ये. मधली सात वर्षं बाटल्या तळघरात पडून होत्या. आपल्याकडचा कुठला व्यापारी तयार माल सात वर्षं कुलपात ठेवील?

पण या सात वर्षांतच सारं असतं. साधी वाइन तयार झाली, की ती बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात. साखर लिटरला साधारण २४ ग्रॅम. बाटलीला सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच लावतात आणि ती आडवी ठेवतात. आत यीस्ट साखर खातं, वायू तयार होतो, पण बाहेर जायला वाट नाही. तो वाइनमध्येच मुरतो. हा दाब हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट असतो, मोटारीच्या टायरमधल्या दाबापेक्षा कितीतरी जास्त. साखर संपली, की यीस्ट मरतं आणि बाटलीच्या अंगाला पिठासारखा साका बसतो.

इथं आपण साका फेकून देऊ. ते फेकत नाहीत. तो मेलेल्या यीस्टचा साका वर्षानुवर्षं विरघळत राहतो आणि वाइनला देत राहतो, भाजलेल्या पावाचा, बदामाचा, लोण्याचा वास. शिवाय आतला उरलासुरला प्राणवायूही तोच खाऊन टाकतो, म्हणजे साका असेतो वाइन म्हातारी होत नाही, नुसती समृद्ध होते. कायद्यानं साध्या शॅम्पेनला किमान पंधरा महिने आणि सालाच्या शॅम्पेनला किमान तीन वर्षं तळघरात ठेवावंच लागतं. मग बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करतात, साका बुचाशी गोळा होतो, मान थंड द्रावणात बुडवून तेवढाच भाग गोठवतात आणि पत्र्याचं बूच उघडताच बर्फाची ती गोळी फाटकन बाहेर उडते. कमी झालेल्या जागी थोडी वाइन आणि चवीपुरती साखर घालून खरं बूच आणि तारेची जाळी बसवतात.

आता मावशीच्या बाटलीची मागची ओळ पुन्हा वाचा. पीक २००२, गाळ काढला २०११. म्हणजे ती जवळजवळ नऊ वर्षं साक्यावर मुरली होती. रँस शहराखालची खडूच्या दगडातली तळघरं रोमन काळातल्या खाणींची आहेत, तिथं बाराही महिने दहा-बारा अंश तापमान आणि काळोख. थोडक्यात काय, लोणचं घालणारीनंच ते मुरवून बरणी आपल्या हातात दिली होती. काकांना ते माहीत नव्हतं. मलाही, खरं सांगायचं तर, त्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

मी अण्णांना फोन केला. त्यांची बाटली आहे की संपली? ते हसले. त्यांनी २०१२ सालीच वाइन ठेवायचं एक छोटं कपाट घेतलं होतं, बारा अंशांवर लावलेलं, काळ्या काचेचं. मुलं म्हणाली, अप्पाला वेड लागलंय, एका बाटलीसाठी फ्रिज! वीज गेली तर म्हणून त्यांनी ते इन्व्हर्टरवर टाकलं. बाटली तशीच होती. "उद्या संध्याकाळी घेऊन येतो," ते म्हणाले, "दोन्ही एकदम उघडू. तुमच्या काकांची आणि माझी एकाच खोक्यातून आल्या होत्या."

दोन्ही बाटल्या गार व्हायला दिवस होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीला घेऊन नंदी हिल्सच्या पायथ्याशी, दोड्डबळ्ळापूरकडं गेले. बंगळूरच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटर. वाटेत गाड्यांवर काळ्याभोर द्राक्षांचे ढीग, ती बंगळूर ब्ल्यू, इथली खास, भौगोलिक मानांकन मिळालेली. रस आणि जॅमची ती राणी. वर्षातून दोनदा पीक देते. मावशीनं दोन किलो घेतली, वाइनपेक्षा तिला त्यांचाच भरवसा.

इथं कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये फ्रेंच जातींच्या द्राक्षबागा उभ्या केल्या. त्यांना जमीन आणि जाती निवडायला मदत केली ती जॉर्ज व्हेसेल यांनी, शॅम्पेन प्रांतातल्या बूझी गावच्या वाइनतज्ज्ञानं. शॅम्पेनवाला माणूस इथं का आला, ते सकाळी साडेसातला बागेत उभं राहिलं, की कळतं. शाल लागत होती. नऊशे मीटरच्या वरची ही जमीन, दिवसा ऊन आणि रात्री गारवा. फेसाळत्या वाइनला लागतो तो आंबटपणा, आणि आंबटपणा टिकतो तो रात्रीच्या गारव्यानं.

गंमत म्हणजे त्याच दशकात आपल्या महाराष्ट्रात आणखी एक शॅम्पेनचं स्वप्न आकाराला येत होतं. पुण्याजवळ नारायणगावला शामराव चौगुले यांनी पायपर-हाइडसिक या फ्रेंच घराण्याच्या तांत्रिक मदतीनं फेसाळती वाइन काढली. परदेशात ती 'ओमर खय्याम' नावानं गेली आणि लंडनच्या मंडळींनी भुवया उंचावल्या. इथं ती 'मार्की द पाँपादूर' झाली. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या कितीतरी लग्नांत आणि बढत्यांत तीच उघडली गेली. ती कंपनी पुढं २००८ नंतर कर्जात अडकून बुडाली. तिची एखादी बाटली तुमच्या शोकेसमध्ये असेल, तर ती आठवण म्हणून जपा. पिण्याची आशा ठेवू नका.

बागेत फिरताना मावशीनं नेमका प्रश्न विचारला. आपल्या बाटल्यांवर साल का नसतं? आपल्याकडच्या फेसाळत्या बाटल्यांपैकी बहुतेकांवर ते नसतं, हे खरं. उत्तर पुन्हा छाटणीत आहे. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात जागी होते, सप्टेंबरच्या आसपास एकदा पीक देते. आपली वेल झोपतच नाही. म्हणून आपले शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी, नुसत्या काड्या तयार करण्यासाठी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, फळासाठी. पावसाळ्यात घड धरले तर डावणी आणि भुरी ते खाऊन टाकतील, म्हणून सगळा मोसम हिवाळ्यावर ढकलायचा. फेसाळत्या वाइनची द्राक्षं तर आणखी लवकर, साखर कमी आणि आंबटपणा भरपूर असतानाच तोडतात, बहुधा जानेवारीच्या आसपास. इथं पाऊस, थंडी असा दरवर्षी नशिबाचा खेळ कमी, पण त्यामुळेच 'हे साल म्हणजे साल!' असं म्हणायची वेळही कमी येते. वर्षाची वेगळी चव जपण्यापेक्षा दरवर्षी एकसारखी, ताजी वाइन देणं, हा आपल्याकडचा शहाणपणा आहे, आणि मला तो पटतो. नाशिकच्या शनँ ब्लां द्राक्षाची ताजी फेसाळती वाइन भजी-वड्यांबरोबर ज्यांनी घेतली आहे, त्यांना विचारा.

फेसाळतीचं आपलं ठाणं नाशिकच. सुलानं ती तिथं रुजवली. ग्रोव्हर कंपनी २०१२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या वाइनरीशी एक झाली, तेव्हा तिचीही फेसाळती बाटली नाशिककडचीच झाली. मोएत-हेनेसी या फ्रेंच समूहानं २०१३ मध्ये शांदों आणली, तीही नाशिकच्या द्राक्षांची. या बाटल्यांना शॅम्पेन म्हणता येत नाही, ते नाव फक्त त्या प्रांताचं. असो. दुकानातून आणलेली अशी बाटली वर्ष-दोन वर्षांच्या आत उघडावी. ती ठेवण्यासाठी नाहीच.

संध्याकाळी सहाला अण्णा आले. हातात बर्फाची बादली, त्यात त्यांची बाटली, आणि खिशात नीट घडी घातलेला पांढरा पंचा. त्यांच्या पत्नी आल्या त्या मद्दूर वडे घेऊन. जर्मनीहून मावसबहीण फोनच्या पडद्यावर, नातू तिच्या मांडीवर.

पेल्यांवरून आधी वाद झाला. मावशीकडं होते ते ताटलीसारखे पसरट पेले, सिनेमात दिसतात तसे. अण्णा म्हणाले, त्यात वास उडून जातो. अगदी नळीसारख्या उंच पेल्यात बुडबुडे छान दिसतात, पण नाक शिरत नाही. शेवटी पोटाला गोल आणि तोंडाशी निमुळते असे चार साधे पेले सापडले. ते साबणानं नव्हे, गरम पाण्यानं धुतले आणि अण्णांच्या पंचानं पुसले. पंचा मुद्दाम सुती. रँस विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवून दिलं आहे, की पेल्यातल्या बुडबुड्यांच्या माळा सुरू होतात त्या काचेला चिकटलेल्या कापडाच्या बारीक तंतूंपासून. पेला अगदी निर्मळ असेल, तर बुडबुडे येतच नाहीत म्हणे! आजवर आपण काचा लख्ख करण्यात किती जन्म घालवले.

पहिल्यांदा मावशीची. बूच माणसांकडं कधी धरू नये, डोळे जातात. वरचा कागद काढायचा, तारेच्या कडीला सहा अर्धे वेढे उलटे द्यायचे, अंगठा बुचावरून हलवायचा नाही, आणि बूच न फिरवता बाटली फिरवायची. मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. गरज नव्हती. बूच हातात आलं, आवाजच नाही. खरं तर फुगून भूछत्रासारखं व्हायला हवं, ते खुंटीसारखं सरळ होतं. म्हणजे वायू कधीच निसटून गेला होता.

पेल्यात पडली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. तळाशी दोन-तीन बुडबुडे, तेही जणू नाइलाजानं. वास घेतला. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, ओल्या पुठ्ठ्याचा, आणि मागं कुठंतरी शिजवलेल्या कोबीचा. हा कोबी उजेडाचा. वाइनमधल्या काही घटकांवर सूर्यप्रकाश आणि ट्यूबलाइटसुद्धा असा परिणाम करतात, की गंधकाचा उग्र वास सुटतो. त्याला फ्रेंच लोक उजेडाची चव म्हणतात. म्हणून चांगल्या बाटल्या काळोखात ठेवतात, किंवा कागदात गुंडाळतात.

कोणी काही बोललं नाही. मावशीनं पेला उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, "मावशी, राहू दे, अण्णांची उघडू." ती म्हणाली, "नाही. आधी ही. ही ह्यांची आहे." तिनं दोन घोट घेतले, डोळे मिटून, औषध घ्यावं तसे. मग म्हणाली, "कडू नाही गं. नासलेली म्हणवत नाही. पण गप्प आहे. काहीच सांगत नाही."

मी या विषयावर आठवडाभर पुस्तकं वाचली होती. याहून नेमकं वर्णन मला साधलं नसतं.

मग अण्णांची. बाटली फिरवताना बुचाचा ओढा हाताला जाणवला, शेवटी हलकासा उसासा आला. नवी असती तर आवाज मोठा असता. तेवीस वर्षांच्या पिकाला तो उसासा शोभून दिसला. रंग जुन्या सोन्याचा. बुडबुडे अगदी बारीक, मोजके, पण तळापासून वरपर्यंत सरळ दोऱ्यात. मावशीनं पेल्यात नाक घातलं आणि मान वर केली. "अगं, अय्यंगार बेकरी!" सकाळी पाव भट्टीतून निघताना मल्लेश्वरमच्या रस्त्यावर जो वास येतो, तो. मला मध जाणवला, भाजलेले बदाम, आणि किंचित कॉफी. अण्णांच्या पत्नी म्हणाल्या, लिंबाचं साखरेतलं लोणचं, दोन वर्षांचं, फोडी काळ्या पडलेलं. हेही बरोबर होतं. घोट घेतला तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा आंबट, सरळ, स्वच्छ. शार्डोनेचा तो आंबटपणा कणा असतो, त्याच्यावर बाकी सगळं उभं राहतं. आणि गिळल्यावरही चव बराच वेळ तोंडात राहिली, भिजलेल्या पाटीच्या वासासारखी. शाळेत गेलेल्यांना ती पाटी आठवेल.

अण्णांनी घड्याळ लावल्यासारखा अर्धा तास पेला तसाच ठेवला. जरा कोमट झाल्यावर ती आणखी उलगडली. फार गार दिली असती तर हे वास बाहेरच आले नसते. जुन्या बाटलीला दहा-बारा अंश पुरे, फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवली की झालं.

तर एकाच मळ्याचं, एकाच वर्षाचं, एकाच खोक्यातलं पेय. एक बाटली बारा अंशांत अंधारात राहिली, दुसरी पश्चिमेच्या उन्हात. वय दोघींचं सारखं.

२०१० साली बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ऑलँड बेटांजवळ, पन्नासेक मीटर खोल एका बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या सापडल्या. सुमारे १७० वर्षांपूर्वीच्या. शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यातली साखर आजच्यापेक्षा कितीतरी पट, लिटरला दीडशे ग्रॅमच्या घरात, कारण तेव्हा लोकांना ती सरबतासारखी गोड लागायची. उघडल्यावर आधी जनावराच्या ओल्या केसांसारखा वास आला, पण पेला हलवल्यावर मसाले, धूर, चामडं असे वास निघाले. समुद्राच्या तळाशी थंडी आणि अंधार होता, शोकेस नव्हती. हे मी मावशीला सांगितलं. तिनं शोकेसकडं पाहिलं.

"म्हणजे ह्यांनी ती आल्या आल्याच उघडायला हवी होती," ती म्हणाली. अण्णांनी मान हलवली. २०१२ मध्ये दोन्ही तयारच होत्या. नऊ वर्षं त्यांच्यावर मेहनत झाली होती. पुढं कुणी राखली तर आणखी चांगली, नाही राखली तर उतरती. राखायची सोय नसेल, तर त्याच महिन्यात उघडावी. फ्रिजच्या दारात ठेवूनही फार वर्षं निभत नाही. दार उघडझाप होतं, हादरे बसतात, बूच सुकतं. कपाट नसेल, तर लोखंडी कपाटाच्या तळाशी, कागदात गुंडाळून, भिंतीलगत, एका उन्हाळ्यापुरती ठेवावी. दुसरा उन्हाळा दाखवू नये.

पडद्यावरच्या मावसबहिणीनं विचारलं, "आई, मग माझ्या लग्नात का नाही उघडलीत?" मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या सासूबाईंचं तोंड पाहिलं होतंस का तेव्हा?" आणि सगळे हसले, अण्णा सर्वांत मोठ्यानं. त्यांच्या बाटलीत एक पेला उरला होता. तो अण्णांनी मावशीसमोर ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाले, हा तुमचा, माझा आणि त्याचा हिशेब बरोबर झाला. मावशीनं तो अर्धा घेतला, अर्धा काकांच्या फोटोपुढं ठेवला. उदबत्तीच्या शेजारी. देवघरात नाही, तेवढं सोवळं तिनं पाळलं.

पुढच्या महिन्यात तिनं मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. काकांची बाटली शोकेसमधून निघून खिडकीच्या कट्ट्यावर आली होती, लेबल बाहेरच्या बाजूला. आत पाणी, आणि पाण्यात मनी प्लँट, दोन पानं नवी फुटलेली. ऊन भरपूर येतं तिथं.